स्टार्टरच्या झाकणामागचा कागद

या मासिकात विज्ञानाच्या पुस्तकांची परीक्षणे नेहमी येतात. या वेळी परीक्षणासाठी आम्ही जे लेखन घेतले आहे त्यावर लेखकाचे नाव नाही, बहुधा प्रकाशनवर्षही नाही, आणि ते विकत मिळत नाही. शेतीपंपाचा स्टार्टर घेतला की खोक्यातून घडी घातलेला चार-सहा पानांचा एक कागद निघतो. कोणी त्याला माहितीपत्रक म्हणतात, कोणी नुसताच ‘कंपनीचा कागद’. खेड्यात पोचणारे तांत्रिक लेखन म्हणजे मुख्यतः हेच. विज्ञानाचे पुस्तक ज्या घरात कधी आले नाही त्या घरातही हा कागद आलेला असतो. असे असून त्याचे परीक्षण कोणी केल्याचे आमच्या वाचनात नाही.

तीर्थपुरी हे जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातले बाजाराचे गाव. जायकवाडी प्रकल्पाचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा या तालुक्यातून पुढे परभणीकडे जातो. ऊस, कापूस, मोसंबी ही इथली पिके. कालव्याला पाणी पाळीने सुटते. मधल्या दिवसांत सारी भिस्त विहिरीवर आणि बोअरवर, म्हणजे शेवटी मोटारीवर. मोटार जळाली की ती वर काढायची, रिवायंडिंगच्या दुकानात न्यायची आणि दोन-चार दिवस वाट पाहायची. ऐन उन्हाळ्यात मोसंबीच्या बागेला ते दोन-चार दिवस फार मोठे असतात. अशा दुकानांतून आणि आसपासच्या वस्त्यांवरून आम्ही वेगवेगळ्या स्टार्टरांची सात पत्रके जमवली. एक पंचांगात जपून ठेवलेले होते, एक स्टार्टरच्या पेटीतच झाकणामागे खोचलेले आणि घड्यांवर फाटलेले. कंपन्यांची नावे आम्ही मुद्दाम देत नाही. सातही कागद इतके एका वळणाचे आहेत की दोष कोणा एकाच्या पदरी घालणे अन्यायाचे होईल.

प्रथम हा कागद कोण, कुठे आणि केव्हा वाचतो ते पाहू. शेतीची वीज अनेक ठिकाणी अजून पाळीने मिळते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. मोटार सुरू होत नाही हे कळते ते वीज आल्यावर. म्हणजे वाचनाची वेळ रात्री बाराचीही असू शकते. वाचणारा उभा असतो, एका हातात मोबाइलचा प्रकाश, दुसऱ्या हातात टेस्टर, आणि कागद धरायला तिसरा हात नाही. तो बहुधा गावातला वायरमन असतो, आयटीआय झालेला किंवा दुसऱ्याच्या हाताखाली शिकलेला. शेजारी मोटारीचे मालक उभे असतात आणि दर मिनिटाला विचारत असतात, “काय लिव्हलंय भाऊ त्यात?” पत्रक तयार करणाऱ्याच्या डोळ्यासमोर मात्र टेबलापाशी बसलेला, कागद पहिल्या पानापासून क्रमाने वाचणारा मनुष्य असावा.

कारण क्रम असा आहे. पहिल्या पानावर स्टार्टरचे छायाचित्र व त्याची थोरवी. दुसऱ्यावर हमीच्या अटी. तिसऱ्यावर कोष्टक. चौथ्यावर जोडणीची आकृती, आगपेटीहून थोडी मोठी. शेवटी ‘खबरदारी’ म्हणून दहा-बारा सूचना, ज्यांत ‘पेटी कोरड्या जागी बसवावी’ आणि ‘काम करण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा’ या दोन वाक्यांना सारख्याच जाडीची अक्षरे मिळतात. पहिल्या सूचनेकडे दुर्लक्ष केले तर पेटी गंजते, दुसरीकडे केले तर माणूस जातो. सातांपैकी पाच पत्रकांत ही दुसरी सूचना पाचव्या क्रमांकाच्या पुढे आहे. ज्या क्रमाने काम करायचे त्या क्रमाने लिहावे, ही साधी गोष्ट पाळली असती तरी ती आपोआप पहिली आली असती.

परंतु खरा घोटाळा आकृतीत आहे, आणि तो समजण्यासाठी थोडे विजेचे गणित पाहावे लागेल.

तीन फेजच्या मोटारीत तीन वायंडिंग असतात. प्रत्येकाला दोन टोके, म्हणजे एकूण सहा. आजच्या पद्धतीत त्यांना यू१-यू२, व्ही१-व्ही२, डब्ल्यू१-डब्ल्यू२ अशी नावे असतात. मोठी मोटार एकदम सुरू केली तर ती क्षणभर नेहमीच्या पाच ते सातपट विद्युतधारा ओढते. हा धक्का कमी करण्यासाठी स्टार-डेल्टा स्टार्टर वापरतात. सुरुवातीला तिन्ही वायंडिंगांची दुसरी टोके एकत्र जोडलेली असतात, हा स्टार. दोन फेजमधला दाब ४१५ व्होल्ट असेल तर प्रत्येक वायंडिंगला तो भागिले ३ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे २४० व्होल्ट मिळतात, आणि सुरुवातीला लाईनमधून ओढली जाणारी धारा एकतृतीयांश होते. काही सेकंदांनी स्टार्टर जोडणी बदलतो. एका वायंडिंगचे टोक दुसऱ्याच्या आरंभाला, दुसऱ्याचे तिसऱ्याला, तिसऱ्याचे पहिल्याला, हा डेल्टा. आता प्रत्येकाला पुरे ४१५ व्होल्ट मिळतात.

पाणबुडी मोटारीतून ही सहा टोके बहुधा दोन केबलींतून वर येतात आणि दोन्ही केबलींत रंग तेच असतात, लाल, पिवळा, निळा. स्टार्टरपाशी बसलेल्या माणसापुढे दोन लाल, दोन पिवळ्या, दोन निळ्या तारा आहेत. सरळ मनाचा माणूस लालजवळ लाल लावील. तसे केले तर डेल्टामध्ये एकाच वायंडिंगची दोन्ही टोके एकाच फेजवर येतात, त्याला दाबच मिळत नाही आणि मोटार चालू होऊन लगेच थंडावते. याहून वाईट प्रकार म्हणजे दुसऱ्या केबलीतल्या दोनच तारांची अदलाबदल. मग एक वायंडिंग निकामी राहते, उरलेली दोन्ही त्याच दोन फेजांमध्ये अडकतात, फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होत नाही आणि मोटार घुमत उभी राहून प्रचंड धारा ओढू लागते.

यातली मेख अशी की स्टारमध्ये या चुकांपैकी एकही दिसत नाही. तिथे दुसरी तिन्ही टोके एकत्रच जोडायची असल्यामुळे त्यांचा क्रम काहीही चालतो. मोटार झकास सुरू होते, पाणीही येऊ लागते, मालक आणि वायरमन एकमेकांकडे समाधानाने पाहतात, आणि चार-सहा सेकंदांनी डेल्टा पडताच फ्यूज उडतो किंवा वायंडिंगचा वास येतो. आपल्याकडे बहुतेक तांत्रिक काम ‘लावून पाहा, नाही तर बदला’ या रीतीने शिकले जाते, आणि ती रीत पुष्कळदा चांगली असते. इथे ती महाग पडते. इथे कागदाची खरी गरज आहे.

आणि कागद काय दाखवतो? परिपथाची आकृती. वर तीन रेघा, मध्ये तीन कॉन्टॅक्टर, खाली एक वर्तुळ म्हणजे मोटार. अभियंत्याच्या दृष्टीने ती बिनचूक आहे. सातही पत्रकांतल्या आकृत्या आम्ही ताडून पाहिल्या. एकीतही विज्ञानाची चूक नाही. पण त्या आकृतीतले कॉन्टॅक्टर ज्या ओळीत काढले आहेत त्या ओळीत ते पेटीत नाहीत. आकृतीत डावीकडे असलेला रिले पेटीत खाली उजवीकडे आहे. आकृती ‘काय कशाला जोडले आहे’ हे सांगते, ‘कुठे आहे’ हे सांगत नाही. हा दोष नव्हे, हा आकृतीचा एक प्रकार आहे. दोष हा की आपण कोणत्या प्रकारची आकृती आहोत हे ती कुठेच सांगत नाही.

शिक्षकांना हा फरक समजावण्यासाठी एक परिचित उदाहरण देता येईल. लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा पूर्वी शहराच्या नकाशावर बेतलेला असे, मार्ग जसे वळतात तसे वळवून. हॅरी बेक या सिग्नल विभागात काम केलेल्या ड्राफ्ट्समनने १९३१ साली तो पार निराळा काढला. सर्व रेघा आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत, स्थानके जवळपास सारख्या अंतरावर. १९३३ मध्ये तो छापला गेला आणि प्रवाशांनी उचलून धरला. मुंबईच्या लोकलच्या डब्यात दारावर असते ती स्थानकांची पट्टी याच वळणाची. गाडीत बसलेल्याला पुढचे स्थानक कोणते एवढेच हवे असते, त्यामुळे अंतरे खोटी असली तरी चालते. त्याच पट्टीवरून कोणी दादरहून पायी निघाला तर मात्र फसेल. स्टार्टरच्या पेटीपुढे उभा असलेला वायरमन हा पायी निघालेला माणूस आहे आणि त्याच्या हातात आपण डब्यातली पट्टी दिली आहे.

याच यंत्राच्या आत, मोटारीच्या टर्मिनल पेटीत, मांडणीचा एक फार सुंदर नमुना आहे. जमिनीवरच्या मोटारीत सहा टर्मिनल दोन ओळींत असतात. खालच्या ओळीत यू१, व्ही१, डब्ल्यू१. वरच्या ओळीत यू२, व्ही२, डब्ल्यू२ असेच असेल असे वाटते, पण नाही; तिथे क्रम डब्ल्यू२, यू२, व्ही२ असा एक घर सरकवलेला असतो. त्यामुळे पितळेच्या तीन पट्ट्या उभ्या लावल्या की डेल्टा, आणि वरच्या ओळीवर आडव्या लावल्या की स्टार. वर्गमुळाचे गणित नको, आकृतीही नको. कोणीतरी विचारपूर्वक क्रम सरकवला आणि चुकण्याची जागाच काढून टाकली. झाकणाच्या आतल्या बाजूस या दोन मांडण्यांचे चित्र असते, तेही जागेवर, हव्या त्या वेळी, हव्या त्या दिशेने. जमवलेल्या सात पत्रकांपैकी एकाच पत्रकाने पाणबुडी मोटारीच्या दोन केबलींसाठी असे ‘जागेचे’ चित्र दिले आहे, पहिली केबल ठळक रेघेने आणि दुसरी तुटक रेघेने. ते पत्रक दिसायला सातांत सर्वांत साधे आहे, एकरंगी, आणि आमच्या मते सर्वांत चांगले.

आकृतीच्या आकाराविषयीही बोलले पाहिजे. ती मूळ मोठ्या कागदावर काढलेली असते आणि छापताना लहान केली जाते. अभियांत्रिकी रेखनाच्या मानकांत अक्षरांच्या उंचीची एक माळ दिलेली आहे: २.५, ३.५, ५, ७, १०, १४, २० मिलिमीटर. विद्यार्थी ती पाठ करतात. ती अशीच का, हे फार थोड्यांना सांगितले जाते. प्रत्येक आकडा आधीच्याच्या सुमारे १.४ पट, म्हणजे २ च्या वर्गमुळाइतका आहे. ए३ कागदाच्या बाजू ए४ च्या बाजूंच्या नेमक्या तितक्याच पट असतात. त्यामुळे आकृती एका कागदावरून त्याच्या खालच्या मापावर नेली की अक्षर माळेत एकच पायरी उतरते आणि तरीही प्रमाणित राहते. रेघांच्या जाडीची माळही तशीच, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७. आपल्या पत्रकांत तीन-चार पायऱ्या एकदम उतरलेल्या आहेत. त्यात पहिला बळी जातो तो ठिपक्याचा. दोन रेघा एकमेकींवरून जातात तिथे ठिपका असेल तर जोड, नसेल तर नुसते ओलांडणे. लहान छपाईत ठिपका दिसेनासा होतो, आणि झेरॉक्समध्ये नसलेला ठिपका उगवतोही. यावर उपाय जुना आहे: जोड दाखवताना चार रेघा एका बिंदूत आणू नयेत, दोन तीनतोंडी जोड थोडे सरकवून काढावेत. मग ठिपका पुसला तरी अर्थ पुसला जात नाही.

आता कोष्टकाकडे. ओव्हरलोड रिले किती अँपिअरवर लावायचा हे कोष्टकात असते. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये हा रिले पुष्कळदा लाईनमध्ये नसून वायंडिंगच्या वाटेवर असतो. डेल्टामध्ये वायंडिंगमधली धारा लाईनमधल्या धारेच्या ०.५८ पट असते. म्हणजे मोटारीच्या पट्टीवर १५ अँपिअर लिहिले असेल तर रिले ८.७ वर लावायला हवा. पट्टीवरचा आकडा पाहून तो १५ वर लावला तर लाईनमध्ये २६ अँपिअर होईपर्यंत तो हलणारच नाही, आणि तोवर मोटार वाचवण्यासारखे काही उरलेले नसेल. हा ०.५८ सातांपैकी चार पत्रकांत आहे. त्या चारांपैकी तिघांत तो कोष्टकाखाली चांदणी घालून, मुंगीच्या अक्षरांत आहे. मोटार जळण्यास कमी दाब, एक फेज जाणे, बोअर कोरडी पडणे अशी अनेक कारणे असतात आणि सगळा दोष कागदावर ढकलणे बरोबर नाही. पण संरक्षणासाठी पैसे मोजून घेतलेले साधन एका तळटीपेपायी निकामी राहावे, याला छपाईचा दोष म्हणून सोडून देता येत नाही.

भाषेचा प्रश्न स्वतंत्र आहे. ‘मराठीतून द्या’ एवढे म्हटले की तो सुटतो असे आम्हांला वाटत नाही. सर्वांत धोक्याचा शब्द अगदी साधा आहे: बंद. घरात आपण दिवा बंद करतो, मोटार बंद करतो. म्हणजे धारा थांबते. भौतिकीत परिपथ ‘बंद’ झाला म्हणजे पूर्ण झाला, धारा वाहू लागते. इंग्रजी शब्दाचा शब्दशः तर्जुमा करून पत्रकात संपर्क ‘बंद’ झाला असे लिहिले की वाचणारा नेमका उलटा अर्थ घेतो, आणि तो मूर्ख म्हणून नव्हे, मराठी चांगली येते म्हणून. वर्गातही हा गोंधळ शिक्षकांनी अनुभवला असेल. दुकानात कारागीर म्हणतात, “कॉन्टॅक्ट जुळला”, “कॉन्टॅक्ट सुटला”. या दोन क्रियापदांत कसलीही शंका राहत नाही, मग परिभाषेने ती का घेऊ नयेत? उलट ‘अर्थिंग’ हा शब्द वस्तीवरच्या म्हाताऱ्यालाही कळतो, तिथे ‘भूसंपर्कन’ लिहून काय साधते? परिभाषाकोशांचे काम मोलाचे आहे, पण कोशातला शब्द विहिरीवर नेण्यापूर्वी तिथे कोणता शब्द आधीच नांदतो आहे हे पाहिले पाहिजे.

देवनागरीच्या छपाईचे आणखी एक दुखणे आहे. इंग्रजीत मोठ्या लिपीतली अक्षरे घालून ओरडता येते. आपल्याकडे तशी सोय नाही, म्हणून मुद्रक अक्षर जाड करतो. लहान मापात जाड केलेल्या देवनागरीच्या पोकळ्या भरून जातात. घ आणि ध, थ आणि य, भ आणि म यांतला भेद शिरोरेषेतल्या एका फटीवर अवलंबून असतो. ती फट बुजली की ‘अतिभार’चा ‘अतिमार’ होतो. आमच्यापुढच्या एका पत्रकात तो तसा झालेला आहे आणि वायरमनला त्यात काही वावगे वाटले नाही. मोटारीला अतिमार बसतोच, असे त्याचे म्हणणे. शिवाय अडीच मिलिमीटर उंची ही मानके रोमन अक्षर डोळ्यासमोर ठेवून सांगतात. वरची वेलांटी आणि खालचा उकार त्यातच बसवायचे तर मधल्या अक्षराला निम्मीच जागा उरते.

एकाच कागदावर अनेक भाषा कोंबल्या की हे सगळे आणखी बिघडते. कीटकनाशकाच्या डब्यावर हे स्पष्ट दिसते. कीटकनाशक नियम, १९७१ अन्वये लेबलाच्या किमान एकसोळांश भागात एक तिरपा चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग: लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे सर्वांत कमी विषारी. अनेक भाषांच्या मुंगीअक्षरांवर रंग हा चांगला तोडगा वाटतो. पण कापसावर फवारणी करणाऱ्याला हिरव्याचा अर्थ कोणी सांगितला? सिग्नलचा हिरवा ‘जा’ म्हणतो. या चौकोनातला हिरवा ‘हेही विषच आहे’ म्हणतो. निळ्याला तर रोजच्या व्यवहारात असा काही अर्थच नाही. चिन्हसुद्धा शिकवावे लागते. ते आपोआप कळते हा गैरसमज आहे.

अभियंत्यांशी बोलताना या सगळ्यावर एक ठरावीक उत्तर मिळते: ही पत्रके प्रशिक्षित माणसासाठी आहेत, अडाण्यासाठी नाहीत. प्रशिक्षित माणसाला वाईट मांडणीचा त्रास होत नाही, हे यातले गृहीत तपासायला हवे. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मरण पावले. कारण होते थंडीने ताठरलेली रबरी कडी. आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी ‘उड्डाण नको’ असे सांगणारे १३ तक्ते नासाला पाठवले होते. एडवर्ड टफ्टी यांनी १९९७ साली त्या तक्त्यांवर कडक टीका केली. तापमान आणि कड्यांची झीज या दोन गोष्टी एकाच आलेखावर समोरासमोर कुठेही नव्हत्या, असे त्यांचे म्हणणे. त्या अभियंत्यांपैकी रॉजर बॉइस्जॉली यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मान्य केले नाही. टफ्टींनी हवेचे तापमान आणि कडीचे तापमान यांची गल्लत केली, आणि जी आकडेवारी आमच्या हातात नव्हती तिचा आलेख आम्ही कसा काढणार, असे त्यांनी २००२ मध्ये लिहिले. आम्हांला अभियंत्यांची बाजू अधिक न्याय्य वाटते, आणि निर्णय घेणाऱ्यांवरचा दबाव हे कारण तक्त्यांहून मोठे होते. तरीही एवढे उरतेच की वाचणारे सगळे प्रशिक्षित होते, आणि कागदाची मांडणी हा वादाचा विषय होण्याइतकी महत्त्वाची ठरली.

महाराष्ट्रात यंत्र आणि चित्र यांची फारकत नेहमीच होती असे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ च्या सुमारास मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. रंग ओळखण्यात दोष असल्याचे लक्षात आले, म्हणून रंगकाम सोडून ते यांत्रिक रेखनाकडे वळले, आणि पुढे व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवू लागले. नांगराचा कारखाना काढणारा हा गृहस्थ आधी ड्रॉइंगचा मास्तर होता. १९२० साली कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हेही चित्रकार. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असे मानणाऱ्या शेतकऱ्याला नांगर विकायचा तर आधी दाखवता आला पाहिजे, हे त्या पिढीला धंद्यानेच शिकवले. त्यात आमच्या विषयाला लागू असा एक बारकावाही आहे. ज्याला रंग नीट दिसत नाहीत त्यालाही रेघेवरून सर्व कळले पाहिजे. आजच्या पत्रकांत लाल-पिवळ्या-निळ्या तारा रंगीत छापल्या आहेत, पण त्यांवर अक्षर नाही. मोबाइलच्या निळसर उजेडात पिवळी तार ओळखणे चांगल्या डोळ्यांनाही कठीण जाते.

शाळेशी याचा संबंध जवळचा आहे. विज्ञानाच्या पुस्तकात विद्युत परिपथातील घटकांची चिन्हे येतात आणि मुले ती सुबक काढतात. दुसरीकडे शासकीय रेखाकला परीक्षांत, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटमध्ये, भूमिती आणि अक्षरलेखन असते. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून मुले या परीक्षांना हौसेने बसतात. पण विज्ञानाचे शिक्षक आणि चित्रकलेचे शिक्षक एकमेकांच्या वर्गात डोकावत नाहीत. चिन्हांवरून तारांकडे आणि तारांवरून चिन्हांकडे असा उलटसुलट प्रवास कुठेच घडत नाही. परीक्षेत तो विचारत नाहीत.

एक प्रयोग कोणत्याही शाळेत करता येईल. जिन्याच्या दिव्याची जोडणी घ्यावी, जिथे वरून आणि खालून दोन्ही ठिकाणी दिवा लावता-मालवता येतो. दोन टू-वे स्विच, दोन टॉर्च सेल, एक छोटा दिवा. घरची वीज मुळीच घेऊ नये. एका गटाने ती जोडून कागदावर सूचना लिहाव्यात, दुसऱ्या गटाने दुसऱ्या खोलीत केवळ त्या कागदावरून जोडावी. प्रश्न विचारायचे नाहीत. तीर्थपुरी परिसरातल्या एका शाळेत आम्ही हे करून पाहिले. पहिल्या खेपेस जवळपास सर्वच कागदांवर ‘डावी तार’, ‘उजवी तार’ असे होते. स्विच पुढून पाहायचा की मागून, हे एकानेही लिहिले नव्हते. प्रमाणित आकृतीवर शंकूच्या दोन दृश्यांचे एक छोटे चिन्ह कोपऱ्यात का असते, हे त्या दिवशी सांगणे फार सोपे गेले. प्रथम कोन पद्धतीने काढले की तृतीय, हे ते चिन्ह सांगते. ते नसेल तर तीच तीन दृश्ये वाचून कारागीर उलट्या हाताचा भाग बनवू शकतो.

मग नववीच्या काही मुलामुलींनी खऱ्या स्टार्टरसाठी झाकणात चिकटवायचा कागद केला. एकच बाजू, पोस्टकार्डाएवढा. वर ‘आधी मेन स्विच पाडा’, मधे पेटीत दिसते तसे चित्र, सहा तारांवर सहा अक्षरे, खाली रिलेचा आकडा हाताने भरायला एक चौकोन. ते तिथल्या एका वायरमनला दाखवले. त्याने बराच वेळ पाहून चित्र पसंत केले आणि एकच हरकत काढली: “पोरांनो, पहिली केबल कोणती न् दुसरी कोणती हे तुमचा कागद इथं वर सांगतोय. पण मोटार खाली गेल्यावर दोन्ही सारख्याच दिसत्यात. सोडायच्या आधीच दोन्ही टोकांना खूण केली पायजे.” म्हणजे एक सूचना झाकणावर नव्हे, मोटारीच्या तोंडाशी हवी होती, आणि तीही कागदाची नको, पाण्यात टिकेल अशी. मुलांनी केबलला गाठी मारण्यापासून रंगीत चिकटपट्टीपर्यंत पाच-सहा उपाय सुचवले. त्यांतला कोणता टिकतो हे पाहण्यासाठी केबलचे तुकडे सध्या शाळेच्या हौदात बुडवून ठेवलेले आहेत.